उभ्या मोटरहोमला ऊन खातं तेव्हा : वाचकांचे प्रश्न

शिवरात्र उलटली की सोलापुरात ऊन चढायला लागतं आणि मोटरहोमवाल्यांची, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेल्या गाड्या असणाऱ्यांची, पत्रंही तेव्हाच यायला लागतात. थंडीत पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर, विजापूर, कोणी थेट हंपी अशा फेऱ्या मारून झालेल्या असतात, मग गाडी जी उभी राहते ती पावसाळा लागेपर्यंत हलत नाही, आणि नुकसान होतं ते रस्त्यावर नाही तर या उभ्या तीन-चार महिन्यांत. मी स्वतः वर्षानुवर्षं गाड्यांच्या आतलं काम करत आलोय, सीट, छताचं लायनिंग, पडदे, प्लाय सगळं, आणि उन्हानं खाल्लेली गाडी दार उघडल्याबरोबर वासावरूनच कळते. यावेळी आलेले बहुतेक प्रश्न याच विषयावरचे आहेत म्हणून सगळे एकत्र घेतलेत.

प्रश्न : आम्ही दोघंही रिटायर्ड. दोन वर्षांपूर्वी ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेली सेकंडहँड कॅम्पर घेतली. फेब्रुवारी ते जून आम्ही मुलीकडे बंगळुरूला असतो, गाडी घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये. मागच्या वर्षी वरून निळी ताडपत्री घट्ट बांधून गेलो होतो. परत आलो तर डॅशबोर्ड चिकट, सोफ्याचं रेक्झिन भेगाळलेलं, छताचं कापड खाली लोंबलेलं आणि पडदा ओढला तर हातात फाटून आला. ताडपत्री असून असं कसं झालं? – एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, चारही गोष्टींचं मूळ एकच आहे, फक्त प्रत्येक वस्तू आपापल्या परीनं खराब झालीय. काच उजेड आत सोडते, तो सीटवर, डॅशबोर्डवर पडला की त्याची उष्णता होते, ती उष्णता काचेतून तशीच्या तशी परत जात नाही आणि खिडक्या बंद असल्यामुळं तापलेली हवाही जागची हलत नाही. बाहेर ४२ असेल तर आतली हवा ६० च्या पुढं सहज जाते, थेट उन्हातला काळा डॅशबोर्ड तर ७०-८० पर्यंत. असं रोज, तीन-चार महिने.

रेक्झिनचं सांगतो. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर, आणि पीव्हीसी मुळात कडक असतं, पाण्याचा पाईप बघा, तोही पीव्हीसीच. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं. गाडी तापत राहिली की ते हळूहळू उडून जातं आणि समोरच्या काचेवर आतल्या बाजूनं जाऊन बसतं, तुमच्या काचेवर धुरकट तेलकट थर आला असेल, बोट फिरवलं की स्वच्छ रेघ उमटते. तो थर रेक्झिनमधून आणि डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघालेला असतो. तेल गेलं की रेक्झिन कडक होतं आणि बसल्यावर जिथं वाकतं नेमकं तिथंच भेगाळतं.

छताच्या कापडात कापडाचा दोष नाही. त्याच्या मागं पातळ फोमचा थर असतो, उष्णतेनं तो फोम कुजतो. लोंबलेलं कापड जरा वर करून मागून हात फिरवा, पिवळा भुगा बोटाला लागेल. आणि त्या भुग्यावर चिकटवायचं सोल्यूशन कितीही मारलं तरी काही धरत नाही, कारण सोल्यूशन भुग्याला चिकटतं आणि भुगा खाली पडतो. पडद्याचं मात्र वेगळं, त्याला उष्णतेपेक्षा उन्हातले अतिनील किरण जास्त नडले, ते धागाच तोडतात. समोरची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर, ती हे किरण जवळजवळ सगळे अडवते, पण बाजूच्या साध्या, एकपदरी टफन काचेतून त्यातले बरेच आत येतात. म्हणून ड्रायव्हरच्या मागचे पडदे आधी जातात.

आता ताडपत्री. ताडपत्रीनं उजेड थोडाफार अडवला, सगळा नाही, आणि ती अंगाला घट्ट चिकटून होती त्यामुळं ती स्वतः तापली आणि तापलेलं अंग गाडीला लावून बसली, मध्ये वारा फिरायला जागाच नाही. शिवाय मे महिन्यात वळवाचं वादळ आलं की ताडपत्री फडफडते, तिच्या कडांना आणि दोरीच्या कड्यांना धूळ लागलेली असते, आणि पॉलिश पेपरनं घासल्यासारखा रंग घासला जातो. घट्ट ताडपत्रीपेक्षा गाडी नुसती झाडाच्या सावलीत उभी केलेली बरी, एवढं माझं मत ठाम आहे.

तुम्ही काय करा, गाडीवर अंगाबरोबर काही न घालता गाडीच्या वर वेगळी सावली उभी करा. चार जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाईप रोवायचे, वर तार ताणायची आणि त्यावर शेडनेट, ७५ किंवा ९० टक्के ऊन अडवणारं. आपल्या जिल्ह्यात नर्सरीवाले आणि बागायतदार शेडनेट सर्रास वापरतात त्यामुळं मिळायला अडचण नाही, फक्त घेताना यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे का विचारून घ्या नाहीतर दोन उन्हाळ्यांत त्याचाच चुरा होतो. डाळिंबाच्या झाडावर घालतात ते पांढरं क्रॉप कव्हर मात्र घेऊ नका, ते पातळ असतं, एका हंगामाच्या कामाचं. नेट आणि गाडीचं छत यांच्यात कमीत कमी फूटभर अंतर पाहिजे, दीड असलं तर उत्तम. त्या अंतरातून वारा वाहतो आणि नेट तापलं तरी ती गरमी वाऱ्याबरोबर निघून जाते. पांढरं किंवा चंदेरी पट्टीचं नेट मिळालं तर ते घ्या, ते ऊन परत फेकतं, हिरवं-काळं ऊन शोषतं, पण अंतर नीट ठेवलं तर हिरव्यानंही भागतं. नेटमधून वारा आरपार जातो म्हणून वादळात ते ताडपत्रीसारखं शिडासारखं फुगत नाही.

गाडीचं तोंड कुठं करायचं हे कोणी विचारत नाही पण ते फुकट होतं म्हणून सांगतो. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे, त्यामुळं मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या आतबाहेर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन पितं ते छत, त्याच्यामागोमाग पश्चिमेची बाजू, कारण तिथलं ऊन दुपारच्या तापलेल्या हवेच्या जोडीनं येतं. गाडीची एक लांब बाजू उत्तरेकडं आणि दुसरी दक्षिणेकडं येईल अशी ठेवा, तोंड पूर्वेला, पाठ पश्चिमेला. मागच्या दाराला काच कमी असते, ते पश्चिमेचं ऊन सोसतं. सकाळचं ऊन समोरच्या काचेवर येणार, त्यासाठी काचेला बाहेरून झाकण घाला, ते कसं करायचं ते खाली चादरीच्या प्रश्नात सांगितलंय. प्लॉटच्या पश्चिमेला भिंत किंवा घर असेल तर गाडी त्याच्या जवळ सरकवा, तीन वाजल्यानंतर सावली मिळते.

छतावर पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारता येतो, स्लॅबवर मारतात तसलाच पण पत्र्याला आणि फायबरला चालणारा वेगळा येतो तो बघून घ्या. छत आधीच पांढरं असेल तर नुसतं धुवून धूळ काढली तरी फरक पडतो, कारण मळकट पांढरं पांढऱ्यासारखं वागत नाही. जाताना शेजाऱ्यांना किल्ली देऊन जा आणि एप्रिलमध्ये एकदा छतावर पाणी मारायला सांगा.

प्रश्न : आमची गाडी बाहेरून मागवलेल्या खिडक्यांची आहे, प्लास्टिकच्या दुहेरी. त्यांना आतून चंदेरी फॉइल चिकटवलं तर चालेल का? पडद्याची जी रोलर जाळी आहे ती पण पूर्ण बंद करून ठेवतो. – होटगी रोड

नाही, चिकटवू नका. हे मी जरा जोरात सांगतोय कारण या चुकीनं महाग खिडकी जाते आणि इथं तशी दुसरी मिळत नाही. ती खिडकी काचेची नाही, ॲक्रिलिकची आहे, दोन पदर आणि मध्ये हवा. आतून फॉइल चिकटवलं की ऊन दोन्ही पदरांतून आत येतं, फॉइलवर आपटतं, आणि सगळी गरमी फॉइल आणि ॲक्रिलिकच्या मधल्या जागेत कोंडते. ॲक्रिलिक गरमीनं वाकतं. आधी बारीक बारीक केसासारख्या चिरा दिसायला लागतात, तिरप्या उजेडात बघितलं तर कळतात, मग खिडकी मध्ये फुगते आणि रबरावर नीट बसत नाही, आणि पहिल्या पावसात तिथून पाणी आत.

रोलर ब्लाइंडचंही तेच, कडक उन्हात पूर्ण बंद ठेवायचं नाही, तीनातला एक भाग उघडा राहू द्या म्हणजे मधली हवा निघते. वर त्याची स्प्रिंगही महिनोन्महिने ताणलेली राहिली तर ढिली पडते, मग ओढलं की परत जात नाही. म्हणून गाडी उभी करताना ब्लाइंड वर सोडून द्या आणि ऊन खिडकीच्या बाहेर अडवा, कापड, नेट, काहीही चालेल, पण बाहेर. आणि ॲक्रिलिक पुसताना घरातला काच पुसायचा निळा स्प्रे किंवा स्पिरिट लावू नका, त्यानंही चिरा जातात. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड, बास.

प्रश्न : घरात सोलापुरी चादरींचा ढीग आहे, सासरचं सगळं घर मागावरच्या कामातलं. त्या चादरी सीटवर आणि खिडक्यांवर लावल्या तर गाडीचं ऊन थांबेल की नुसत्या चादरी खराब होतील? – एक ताई, अशोक चौक

ताई, दोन्ही होईल, पण चादरी हुशारीनं वापरल्या तर कामाच्या आहेत.

सीटवर चादर घालणं चांगलंच. जाड कॉटन, दुहेरी विणीचं, ऊन सीटपर्यंत पोचू देत नाही आणि रेक्झिनला चिकटतही नाही. फक्त चांगली चादर घालू नका, कारण ऊन खाऊन तिचा रंग उडणार. तुमच्या घरी मागाचं काम होतं म्हणजे रंगाचं पक्कं-कच्चं तुम्हाला माहीतच आहे, पण धुण्यात पक्का असलेला रंग उन्हात पक्का असेलच असं नसतं, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. उन्हातल्या पक्केपणाला कापडवाले १ ते ८ असे अंक देतात, १ म्हणजे लगेच उडणारा आणि ८ म्हणजे सगळ्यात टिकाऊ, आणि प्रत्येक पुढच्या अंकाला रंग उडायला साधारण दुप्पट वेळ लागतो. घरच्या वापराच्या कापडाला मधला अंक पुरतो, पण काचेमागं चार महिने लटकणाऱ्या कापडाला पुरत नाही. घरी बघायचं असेल तर चादरीच्या काठाची एक चिंधी घ्या, अर्धी पुठ्ठ्यानं झाका आणि गच्चीवर महिनाभर ठेवा, पुठ्ठा काढला की रेघ दिसते की नाही यावरून कळेल.

खिडकीच्या आतून चादर लावण्यात मात्र फार अर्थ नाही. ऊन काचेतून आत आलेलंच असतं, ते चादरीवर पडतं, चादर तापते आणि ती गरमी आता गाडीच्या आतच राहणार. सीटचा रंग वाचतो पण गाडी तापायची ती तापतेच. म्हणून या चादरींचा माझ्या मते सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे समोरच्या काचेच्या बाहेरच्या झाकणाचं अस्तर. कुशनवाल्याकडं किंवा तंबू-मंडप शिवणाऱ्याकडं जा, वरून चंदेरी कोटिंगचं कापड, मध्ये पाच मिलीमीटरचा फोम आणि आतून, काचेला लागेल त्या बाजूनं, जुनी धुतलेली चादर, असं गोधडीसारखं टाके मारून शिवून घ्या. माप घेताना कागद काचेवर पसरून पेन्सिलीनं रेघ मारा, वायपरची जागा सोडा, आणि दोन्ही बाजूंना वीतभर जास्तीचं कापड ठेवा, ते पुढच्या दारांत दाबून दार लावलं की झाकण चोरीलाही जात नाही आणि उडतही नाही. चादर मऊ असते त्यामुळं काचेला आणि कडेच्या रंगाला ओरखडा येत नाही. एक मात्र, रोहिणी नक्षत्र लागलं की हे झाकण काढून घरात ठेवा, भिजलेली चादर काचेच्या रबराला चिकटून राहिली तर बुरशी येते.

प्रश्न : काचांना काळी फिल्म लावून घेऊ का? मित्र म्हणतो त्यानं सगळा प्रश्न मिटतो. – विजापूर रोड

काळी लावू नका. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं काचांवरच्या काळ्या फिल्मबद्दल निकाल दिला तेव्हापासून हा विषय सगळ्यांना माहीत आहे, आणि नियम म्हणतो की समोरच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. तेवढा उजेड सोडणाऱ्या पारदर्शक फिल्ममध्ये अतिनील अडवणाऱ्या येतात, त्यानं पडद्याचं आयुष्य वाढतं, पण उभ्या गाडीची गरमी कमी करायला त्या फारशा पुऱ्या पडत नाहीत. गाडी चालवताना काय आणि उभी असताना काय हे वेगळं धरा. उभ्या गाडीला काढता-घालता येणारं झाकण लावलं की कुठलाच नियम आड येत नाही.

प्रश्न : आमच्याकडं पत्र्याचं शेड आहे, तीन बाजूंनी बंद. गाडी सावलीत असूनही आत गेलं की भट्टी. मग सावलीचा उपयोग काय? – बार्शी

दादा, तुमचा पत्रा उन्हानं तापतो आणि खाली गाडीच्या छताला शेकतो, जसं तव्याखाली हात धरला तरी झळ लागते तसं. शिवाय तीन बाजू बंद, म्हणजे गरम हवा वर साठते आणि जायला वाट नाही. पश्चिमेची बाजू बंदच राहू द्या पण बाकीच्या दोनांपैकी एक बाजू वरून दोन-तीन फूट तरी मोकळी करा, गरम हवा वरूनच निघते. पत्र्याच्या खालून बबलवाली चंदेरी शीट बांधून घ्या, पोल्ट्री आणि गोडाऊनला लावतात तीच. ती पत्र्याला चिकटवू नका, खाली दोन-तीन इंच झोळीसारखी सोडा. चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा असेल तरच ती गरमी परत फेकते, दोन्ही बाजूंनी दाबून बसवली तर तिचं काम अर्ध्याहून कमी होतं. हे पैसे घालून शेड बांधणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कोणी सांगतं.

प्रश्न : गाडी उभी असताना खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद? उघड्या ठेवल्या तर धूळ, बंद ठेवल्या तर ऊन. – शेळगी

थोड्या उघड्या, आणि दोन उंचीवर. एकच खिडकी उघडून हवा फिरत नाही. छतावरचं व्हेंट किंवा हॅच, म्हणजे वर उघडणारं झाकण, दोन बोटं उघडं आणि खाली सावलीच्या बाजूची एक खिडकी किंवा फरशीतली जाळी उघडी, की गरम हवा वरून जाते आणि खालून थंड हवा ओढली जाते, चुलीच्या धुराड्यासारखं. वळवाचा पाऊस कधीही येतो म्हणून वरच्या हॅचला पावसाची टोपी बसवून घ्या, मशरूमसारखं झाकण मिळतं. सोलर पॅनल असेल तर बारा व्होल्टचा छोटा एक्झॉस्ट पंखा तिथंच बसवा, ऊन जितकं जास्त तितका पंखा जोरात, वेगळी बॅटरी जाळायची गरज नाही.

धुळीसाठी खालच्या जाळीवर जुन्या सुती ओढणीचे दोन पदर क्लिपांनी लावा, महिन्यानं झटकायचे. मुंग्या, पाली, उंदीर यांचा विचार करून जाळी बारीक घ्या, फ्रिजच्या मागच्या व्हेंटलाही.

आतली कपाटं, ड्रॉवर, बेडखालचे खण सगळे उघडून ठेवा. बंद खणात हवा सगळ्यात जास्त कोंडते आणि सनमाईकाच्या कडा तिथूनच सुटायला लागतात. गाद्या उभ्या करून ठेवा, प्लायला टेकवून आडव्या ठेवू नका. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं, जूनमध्ये ओल आली की फुगतं, त्यामुळं मेमध्ये ढिली झालेली दारं लगेच रंधा मारून किंवा बिजागरी हलवून नीट करायला जाऊ नका, ऑगस्टपर्यंत थांबा, बऱ्याचदा आपोआप बसतात. कपड्यांत डांबरगोळ्याही ठेवू नका, तापलेल्या गाडीत त्या भराभर उडून जातात आणि वास फोममध्ये असा मुरतो की निघता निघत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा.

प्रश्न : गाडी उभी करताना आतून काय काय काढायचं? सहलीहून आलं की जीव दमलेला असतो, निम्मं सामान तसंच राहतं. – एक गृहिणी, बाळे

ताई, दमलेलं असणार हे खरं आहे, पण हे काम दुसऱ्या दिवशी सकाळी तरी कराच. सगळ्यात आधी गॅसची टाकी. ती बंद करून, रेग्युलेटर काढून, गाडीच्या बाहेर सावलीत हवेशीर जागी उभी ठेवा. मग दाबाचे डबे, डिओ, मच्छरचा स्प्रे, झुरळाचा स्प्रे, शेव्हिंग फोम, त्या प्रत्येक डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त गरम होऊ देऊ नका असं लिहिलेलं असतं आणि आपली गाडी ते मार्चमध्येच ओलांडते. लायटर, सॅनिटायझर, पॉवर बँक, जुना मोबाईल, बॅटरीचा टॉर्च हे सगळं त्यातच धरा.

औषधांची पेटी विसरू नका, बहुतेक गोळ्यांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं, चार महिने तापलेली गोळी पुढच्या सहलीत ऐन वेळी दगा देते. स्वयंपाकाचं म्हणाल तर शेंगदाण्याची चटणी, तीळ, तेल, तूप, मसाले सगळं घरी. शेंगदाण्यात तेल भरपूर, ते गरमीत खवट होतं आणि सांडलेल्या चटणीच्या वासाला मुंग्याही येतात. कडक भाकरीचा डबासुद्धा काढा, टिकते म्हणून राहू देऊ नका.

पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, नळ उघडे ठेवा. सिंकच्या खालच्या पाईपच्या वळणात थोडं पाणी असतं त्यामुळं खालचा वास वर येत नाही, आपल्या उन्हात ते पंधरा दिवसांत आटतं, म्हणून सिंकला बूच लावून ठेवा. टॉयलेटच्या झडपेच्या रबराला सिलिकॉनचा स्प्रे मारा, कोरडं रबर चिरतं. फ्रिज पुसून त्याच्या दारात एक टॉवेल गुंडाळून अडकवा म्हणजे दार उघडं राहील, बंद ठेवलेल्या फ्रिजची बुरशी घासून घासून निघत नाही.

प्रश्न : बॅटरीचं काय करायचं? – टेंभुर्णी

लेड-ॲसिड बॅटरी असेल तर गरमी तिची मोठी शत्रू, तापमान दहा अंशांनी वाढलं की ती आपोआप उतरायचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटा खराब होतात. सोलर कंट्रोलर चालू राहू द्या, महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटर बघा. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर उलटं, पूर्ण भरून ठेवू नका, निम्मी भरलेली ठेवा, सगळा लोड काढा, म्हणजे तिच्यावर चालणारं सगळं सोडवा, आणि शक्य असेल तर काढून घरात ठेवा. सीटखालच्या बंद खोक्यात असेल तर खोक्याचं झाकण उघडं ठेवा.

प्रश्न : झालं ते झालं, आता चिकट डॅशबोर्ड आणि भेगाळलेलं रेक्झिन नीट करता येईल का? – मंगळवेढा

डॅशबोर्ड आधी कोमट पाण्यात दोन थेंब भांड्याचा साबण घालून, पिळलेल्या मऊ कापडानं पुसा, दोन-तीन वेळा. चिकटपणा वरच्या तेलाचा असेल तर जाईल. प्लास्टिकवरचा मऊ कोटिंगचाच थर विरघळला असेल तर नाही जाणार, तो पूर्ण काढून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी थिनर वापरू नका, थिनरनं खालचं प्लास्टिकही जातं. चकाकीचं तेलकट पॉलिश मारायचा मोह होतो पण त्यावर धूळ बसते आणि समोरच्या काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब पडून चालवताना त्रास होतो.

भेगाळलेलं रेक्झिन परत मऊ होत नाही, ते लोशन-बिशन लावून काही उपयोग नाही, पैसे वाचवा. नवीन घालताना रेक्झिन टाळा असं माझं मत. बाहेरच्या फर्निचरसाठी सोल्यूशन-डाइड ॲक्रिलिक नावाचं कापड येतं, त्यात धागा बनतानाच रंग मिसळलेला असतो, गाजर कसं आतपर्यंत लाल असतं तसं, आणि बाकीचं रंगवलेलं कापड म्हणजे लाल मुळ्यासारखं, वरून साल रंगीत आणि आत पांढरं. ते उन्हात फार टिकतं, महाग आहे, पण सीटच्या वरच्या बाजूलाच घातलं आणि मागं-खाली साधं कापड लावलं तर बजेटमध्ये बसतं. छताच्या लायनिंगला फोमवालं कापड परत लावू नका, जुना भुगा ब्रशनं पूर्ण खरवडून, पुसून, मग फोम नसलेलं कारपेट-फेल्ट लावा आणि त्याला गरमीत टिकणारं सोल्यूशन आहे का ते डब्यावर वाचून घ्या.

आणि हे काम आता मार्चमध्ये करू नका. तापलेल्या छतावर सोल्यूशन नीट धरत नाही, आणि नवीन कापड घालून गाडी परत उन्हात उभी राहिली तर पुढच्या वर्षी तेच. आधी सावली उभी करा, हॅचच्या कडेचं सीलंट मृग लागायच्या आत बघून घ्या, उन्हानं तिथं चिरा पडलेल्या असतात आणि पाणी तिथूनच नव्या लायनिंगवर उतरतं, मग पावसाळा सरल्यावर दसऱ्याच्या सुमारास गाडी कुशनवाल्याकडं न्या.